फॅमिली डॉक्टरला कॅन्सरमधलं काय कळतं?

हे बरेच दिवस लिहायचं टाळत होते. इथे नातेवाईकही येऊन वाचतात, आणि त्यातल्या निम्म्यांना वाटणार की हिने घरातली धुणी चव्हाट्यावर आणली. वाटू दे. दादाला आधी फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिही, पण गावाचं आणि डॉक्टरांचं नाव नको." म्हणून दोन्ही नाहीत.

निमित्त झालं ते गेल्या महिन्यातल्या एका लग्नाचं. पंगतीत माझ्या शेजारी नात्यातलाच एक तरुण त्वचारोगतज्ज्ञ बसला होता. हुशार मुलगा, कौतुकच आहे त्याचं. बोलता बोलता माईचा विषय निघाला. मी म्हटलं, अशा आजारात फॅमिली डॉक्टरला पहिल्यापासून शेवटपर्यंत धरून ठेवायला हवं. त्यावर तो मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत म्हणाला, "मावशी, मेलानोमा फॅमिली डॉक्टरच्या हातात देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. अगं, त्याला कॅन्सरमधलं काय कळतं? आणि तुमचं उदाहरण तर तूच बघ ना!" आजूबाजूच्या चार माना हलल्या. मी गप्प बसले. मला उत्तरं नेहमी घरी परतताना गाडीत सुचतात, हे माझं जुनं दुखणं. तर हे ते गाडीत सुचलेलं उत्तर. जरा लांबलंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माई म्हणजे माझी सख्खी आत्या. मेलानोमा हा त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर, उन्हाने भाजलेल्या कातडीवर होतो. आपल्याकडे तो फार क्वचित, लाखात एकालाही होत नाही. पण होतो तेव्हा बऱ्याचदा अशा जागी होतो की तिथे कुणी बघायलाच जात नाही: तळपाय, टाच, तळहात, नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण "बाईमाणूस, घराबाहेर पडत नाही, तिला कसला आलाय मेलानोमा" हे आम्ही नंतर एका शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय.

२०१६ च्या दिवाळीत अभ्यंगाच्या वेळी वहिनी माईच्या पायांना तेल लावत होती. डाव्या टाचेवर तिला तुरीच्या डाळीएवढा काळा डाग दिसला. माई म्हणाली, "अगं काटा मोडला असेल." माईच्या टाचांना भेगा, त्यात कोकमतेल, त्यावर अंगणातली माती. डाग कुणाला दिसणार? आम्ही सगळे वर्षानुवर्षं वाकून तिला नमस्कार करत होतो, म्हणजे पायाला हात लावत होतो. तळवा कुणी पाहिला नव्हता.

जानेवारीत डॉक्टरकाकांना दाखवलं. (काका म्हणजे नात्याचे नव्हेत. दादाचा गोवर, माझे टॉन्सिल, आजोबांचा शेवटचा दमा, सगळं त्यांनीच पाहिलेलं. दवाखान्यात तेव्हा कंपाउंडर होता आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून मिळायची.) त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "कुरूप आहे माई. कॉर्न कॅप लावा." लावली. महिन्याभराने ब्लेडने तासलं. पुन्हा वाढलं. पुन्हा तासलं. एकदा रक्त थांबेना म्हणून मशीनने जाळलं. जे कापून निघालं ते बादलीत गेलं. तपासायला काही पाठवलं नाही. असं चौदा महिने चाललं. २०१८ च्या मार्चमध्ये जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा काकांचा चेहरा बदलला आणि त्यांनी मोठ्या शहरात जायला चिठ्ठी दिली.

बायोप्सीत मेलानोमा निघाला. जाडी ४.८ मिलिमीटर, आणि तीही जाळूनतासून उरलेल्या भागाची.

या जाडीबद्दल थोडं सांगते, कारण सगळी गोष्ट त्या मिलिमीटरवर आहे. अमेरिकेतल्या अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली दाखवलं की हा आजार पुढे काय करणार हे सांगायला डागाची लांबी-रुंदी तितकी उपयोगाची नाही, तो खाली किती खोल गेलाय ते मोजायला हवं. आजही तेच मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असेल तर साधारणपणे शंभरातले नव्वदहून जास्त लोक पाच वर्षांनंतरही असतात, आणि उपचार म्हणजे भोवतालच्या सेंटिमीटरभर कातडीसकट तो डाग काढून टाकणं. चार मिलिमीटरच्या वर गेला की तो शेवटचा, सगळ्यांत जाड गट. या दोन्हींच्या मध्ये जो काळ जातो, तो पेशंट कॅन्सरच्या हॉस्पिटलात घालवत नाही. तो घालवतो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, कॉर्न कॅप लावत.

म्हणजे लग्नातला तो मुलगा बरोबरच म्हणत होता, नाही का? डॉक्टरला कळलं नाही, पेशंट गेली.

थांबा. मी काकांची बाजू मांडायला बसलेली नाही. चुकले ते, आणि ती चूक साधी नव्हती. पण तो मुलगा त्यातून जो निष्कर्ष काढतो, तो उलटा आहे. माईला कॅन्सर झाला म्हणून ती कॅन्सरतज्ज्ञाकडे का गेली नाही, हा काय प्रश्न झाला? तिला कुरूप झालं होतं! कुरूप घेऊन कुणी एसटीने शहरात स्पेशालिस्टकडे जातं का? पहिला डोळा फॅमिली डॉक्टरचाच असणार, आज, उद्या आणि पन्नास वर्षांनीही. तो आपण "द्यायचा" की नाही हा पर्यायच नाही. तो आहेच. फक्त तो डोळा उघडा ठेवायचा की "त्याला काय कळतं" म्हणून बांधून ठेवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

"अहो, पण एवढा दुर्मीळ आजार, त्याने आयुष्यात किती पेशंट बघायचे?" हे नेहमीचं पालुपद. मला ते पटत नाही. दुर्मीळ आहे म्हणून तर अनुभवावर सोडता येत नाही. काका स्वतः मला पुढे म्हणाले (त्याकडे येते), "चौतीस वर्षांत हा पहिला. कुरूपं हजारो बघितली. मग हेही कुरूपच दिसलं." जिथे अनुभव फसवतो तिथे नियम लागतो. आणि नियम इतका सोपा आहे की मला, मराठीच्या मास्तरणीला, तो पाठ आहे. तळपायावरचं जे काही दोन महिन्यांत बरं होत नाही, त्याला कुरूप म्हणायचा हक्क संपला. ज्याचा रंग एकसारखा नाही, जे वाढतंय, ज्यातून रक्त किंवा पाणी येतंय, किंवा जे नेमकं काय आहे ते आपल्याला सांगता येत नाही, त्याचा तुकडा तपासायला पाठवायचा. नखात काळी रेघ आली आणि तो काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर दार आपटलं असेल, बूट लागला असेल, असं म्हणत बसायचं नाही. ही नखाची खूण जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात सांगून ठेवली आहे! १९७७ मध्ये बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच आजार निघाला, आणि तेव्हाही फुटबॉल खेळताना लागलेल्या माराकडेच सगळ्यांचं बोट होतं. ११ मे १९८१ ला तो गेला. वय ३६. त्याच्या चित्राचे टी-शर्ट घालून आमच्या कॉलेजात मुलं फिरतात. त्यातल्या एकालाही तो कशाने गेला हे ठाऊक नसतं. मी विचारून पाहिलंय.

आणि ती बादली. ती मला अजून दिसते. कापलेली कातडी बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायची, एवढंच करायचं होतं. पण आपल्याकडे आणखी एक भूत बसलंय: "सुई लावली की कॅन्सर भडकतो." हे पेशंट म्हणतात, पेशंटचे शेजारी म्हणतात, आणि सांगायला वाईट वाटतं, काही डॉक्टरही मान डोलावतात. बायोप्सीने मेलानोमा पसरत नाही. उलट न तपासता तासणं आणि जाळणं, याने मोजायची जाडीच हातची जाते. आमच्याच घरात थोरल्या काकू म्हणाल्या होत्या, "त्याला हात लावू नका, आहे तसा राहू दे." म्हणजे काकांनी पाठवतो म्हटलं असतं तरी आम्ही पाठवू दिलं असतं की नाही, कोण जाणे. हे मी दादाला अजून बोललेले नाही. आता वाचेलच.

असो. हा झाला पहिला अंक, त्यात सगळ्यांना व्हिलन सापडतो. माझं भांडण खरं तर दुसऱ्या अंकाशी आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही.

माईचं ऑपरेशन उत्तम झालं. टाचेचा भाग दोन सेंटिमीटर भोवतालासकट काढला, मांडीची कातडी लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. मोठं हॉस्पिटल, मोठे सर्जन, हात सोन्याचा. त्या माणसाला मी आजही नमस्कार करीन. घरी आल्यावर दादा थेट काकांच्या दवाखान्यात गेला आणि भरल्या दवाखान्यात त्यांना वाट्टेल ते बोलला. काका एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून आमच्या घराने त्यांच्या दवाखान्याची पायरी सोडली. मीही सोडली. "पुन्हा त्या माणसाचं तोंड बघायचं नाही" हे वाक्य दादाचं नव्हतं, माझं होतं.

आणि मग सुरू झालं ते 'फॉलोअप' नावाचं प्रकरण. दर तीन महिन्यांनी रात्रीच्या एसटीने निघायचं. माईचा डावा पाय सुजलेला, जांघेतल्या गाठी काढल्या की पाय असा सुजतो. सकाळी सातला रांगेत नंबर. दुपारी दोनला आत. आत एक तरुण डॉक्टर, दर वेळी नवा. "काही त्रास?" "नाही." सोनोग्राफीचा कागद बघायचा, पुढची तारीख, संपलं. चार मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. दीड वर्षात माईचा उजवा तळवा कुणी पाहिला नाही. कातडी पाहिली नाही. मांडीपासून घोट्यापर्यंत पायावरून हात फिरवला नाही. मी त्या पोरांना दोष देत नाही, बाहेर तीनशे माणसं बसलेली असतात. पण मग याला तपासणी म्हणू नका.

डिसेंबर २०१९ मध्ये माईला पोटरीवर वाटाण्याएवढ्या दोन गाठी लागल्या. तिच्याच हाताला, पायाला तेल लावताना. हा आजार परत येतो तेव्हा पुष्कळदा असाच पेशंटच्या हाताला आधी लागतो. जुन्या जखमेपासून जांघेपर्यंतच्या वाटेत गाठी उगवू शकतात हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. माई म्हणाली, "तारीख जानेवारीच्या शेवटी आहे, तेव्हा दाखवू." सात आठवडे. डॉक्टरकाकांचा दवाखाना घरापासून चालत पाच मिनिटांवर. पण तिथे जायचं नव्हतं ना! आमचा मान राखायचा होता. जानेवारीत गाठी अकरा झाल्या होत्या.

आता सांगा, पहिल्या चौदा महिन्यांचा गुन्हेगार काका. या सात आठवड्यांचा कोण? हॉस्पिटलने तिच्या फायलीत फॅमिली डॉक्टर असा रकानाच ठेवला नव्हता. आणि आम्ही तो आमच्या हाताने खोडला होता.

लग्नातल्या त्या मुलाला मी विचारायला हवं होतं: बाबा रे, तू स्पेशालिस्ट, तुझं सगळं खरं. पण ऑपरेशन झालेल्या माणसाचे तीन महिन्यांतले नव्वद दिवस कोण बघणार? तू एकच दिवस बघणार आहेस, तोही नंबर लागला तर.

हे मी माझ्या मनचं बोलत नाही. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात हा प्रश्न रीतसर पडताळून पाहिला गेला. मेलानोमाचा उपचार झालेले १४२ पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाची नंतरची तपासणी हॉस्पिटलात, दुसऱ्याची फॅमिली डॉक्टरकडे. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. फॅमिली डॉक्टरकडे गेलेले पेशंट जास्त समाधानी होते, आणि ठरलेल्या नियमांप्रमाणे तपासणी होण्याचं प्रमाणही त्यांच्यात चांगलं होतं. त्या मुलाच्या वतीने मीच आक्षेप घेते: हे आजार सध्या नसलेले पेशंट होते, पाहणी वर्षभराची, संख्या लहान. कबूल. आणि मुख्य म्हणजे त्या डॉक्टरांना आधी शिकवलं होतं, काय काय बघायचं हे कागदावर ठरलेलं होतं, पेशंटला बोलावण्याची आठवण मध्यवर्ती ठिकाणाहून जात होती, आणि काही संशयास्पद दिसलं तर रांगेत न थांबता हॉस्पिटलात परत पाठवायची वाट उघडी होती. तेच तर मी म्हणतेय! कोलीत नुसतं हातात द्या असं कोण म्हणतंय? हात शिकवा, आणि मागे पाण्याची बादली ठेवा.

ऑस्ट्रेलियात, जिथे हा आजार जगात सगळ्यांत जास्त असणाऱ्या देशांपैकी एक, तिथे संशयास्पद डाग काढून तपासायला पाठवण्याचं पुष्कळसं काम जनरल प्रॅक्टिशनरच करतात. माझा मावसभाऊ ब्रिस्बेनला असतो, आपल्यासारखाच सावळा. साध्या सर्दीसाठी गेला तर डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला अख्खी कातडी तपासायला बोलावलं, मोजे काढायला लावले आणि बोटांच्या बेचक्यांत भिंग घालून बघितलं. भिंगाखाली तळव्यावरच्या रेषा दिसतात. रंग रेषांच्या खाचांत असेल तर बहुतेक वेळा साधा तीळ, उंचवट्यांवर पट्टे असतील तर सावध. हे जपानी डॉक्टरांनी शोधून काढलेलं. ते भिंग खिशात मावतं आणि आपल्याकडेही मिळतं. ब्रिटनमध्ये स्पेशालिस्टने पेशंट पाहिला की फॅमिली डॉक्टरला पत्र जातं. आपल्याकडे सगळी फाइल कापडाच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेशंटच्या मांडीवर. माईच्या पिशवीत चाळीसेक कागद होते. त्यातला एकही कुणा डॉक्टरला उद्देशून लिहिलेला नव्हता.

तिसरा अंक लॉकडाऊनचा. फेब्रुवारी २०२० पासून माईला शिरेतून इम्युनोथेरपीचं औषध सुरू झालं होतं. शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाला लावलेले ब्रेक सोडणारं हे औषध. यामागच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. तळव्याच्या मेलानोमावर ते इतर मेलानोमाइतकं चालत नाही, हे आम्हाला सांगितलेलं होतं, आणि खर्च ऐकून दादाने जमिनीचा एक तुकडा काढला तो काढलाच. दोन डोस झाले. मार्चच्या शेवटी रस्ते बंद. तिसरा डोस राहिला.

मे महिन्यात माईला जुलाब सुरू झाले. दिवसाला सात-आठ. घरात आमरस झालेला, म्हणजे कारण समोरच होतं. दादाने जुलाब थांबायच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी वहिनीने कुणाला न विचारता काकांना फोन केला. संध्याकाळी स्कूटरवरून आले, तोंडाला फडकं, हातात ती जुनी तपकिरी बॅग. दोन वर्षांनी. दारातच थांबले. माई आतून म्हणाली, "या डॉक्टर. आत या."

त्यांनी नाडी पाहिली नाही की आमरस विचारला नाही. पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं इंजेक्शन कधी झालं आणि कोणतं?" मग पिशवीतले चाळीस कागद खाटेवर पसरून एकेक वाचले. हॉस्पिटलचे फोन लागेनात, शेवटी कुणाच्या तरी ओळखीने एका डॉक्टरांपर्यंत पोचले. या औषधाने सुटलेलं संरक्षण आतड्यांवरच उलटतं. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही उलटू शकतं. तेव्हा नुसते जुलाब थांबवून भागत नाही, स्टिरॉइड लागतं. फोनवर डोस ठरला, त्याच रात्री गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरात माई उठून बसली.

तर, त्याला कॅन्सरमधलं काय कळतं? नव्हतंच कळत. म्हणून त्याने कागद वाचले आणि विचारलं. आम्हाला आमरस कळत होता.

तीन महिने काका रोज येत होते. पोटरीवरच्या गाठी फुटल्या होत्या, ड्रेसिंग त्यांनीच केलं. दुखण्याला लागणारी मॉर्फिनची गोळी मात्र मिळाली नाही. ती ठेवायला मान्यताप्राप्त संस्था लागते. २०१४ मध्ये कायदा सुधारून वाट सोपी केली म्हणतात, आमच्या तालुक्यात ती वाट आलेली नव्हती. दुसऱ्या हलक्या गोळ्यांवर भागवलं. नीट भागलं नाही. त्यावर वेगळं लिहीन, आत्ता हात धजत नाही. गणपतीच्या चार दिवस आधी माई गेली.

त्यातल्याच एका संध्याकाळी ते "हजारो कुरूपं" वालं वाक्य ते बोलले. माफी मागितली नाही, आणि माईने ती मागायला लावलीही नाही. दादा अजून त्यांच्याशी बोलत नाही. मी दादाला समजावायला जात नाही. त्याची आई होती.

पण एक हिशोब आपल्या सगळ्यांना मांडावा लागेल. आमच्या गावात काकांची फी शंभर रुपये. तेवढ्यात लोकांना इंजेक्शन हवं असतं. "डॉक्टरने सुई पण दिली नाही" ही तक्रार मी स्वतः ऐकलीय. पाच मिनिटं नुसतं बघितल्याचे पैसे द्यायला कुणी तयार नाही. पाय धुवायला लावणारा, चप्पल काढायला लावणारा डॉक्टर आपल्याला विक्षिप्त वाटतो. मधुमेहाचा पेशंट तर घरोघरी आहे, त्याचे तळपाय तपासायलाच हवेत असं सगळे सांगतात. त्याच मिनिटात काळा डागही दिसतो. किती जणांनी या वर्षात डॉक्टरसमोर मोजे काढलेत? बायकांनी तर विचारूच नका. आणि जरा पैसे आले की आपण फॅमिली डॉक्टर सोडून प्रत्येक अवयवाला एकेक स्पेशालिस्ट लावतो. त्या सगळ्यांना मिळून आपण कधी अख्खे दिसत नाही. आदल्या वर्षी इथे हा डाग नव्हता, हे कोण सांगणार?

डॉक्टरांनाही सांगायचंय. ज्या फॅमिली डॉक्टरांनी स्वतःच स्वतःला चिठ्ठी लिहिणारा कारकून करून घेतलंय, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. कॅन्सर म्हटल्यावर "आता ते माझ्या हाताबाहेरचं" म्हणून अंग काढून घेणं सोपं आहे. बीएएमएस, बीएचएमएस की एमबीबीएस, या वादातही मला पडायचं नाही, तळवा बघायला डिग्री आड येत नाही. आणि मोठ्या हॉस्पिटलांनी डिस्चार्ज कार्डावर चार ओळी लिहाव्यात: हे ऑपरेशन झालं, या पायावर आणि जांघेत महिन्याला हात फिरवा, सगळी कातडी बघा, हे हे दिसलं तर या नंबरवर फोन करा. त्याला वेगळं बजेट लागत नाही.

काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. दवाखाना सकाळचाच चालू असतो. दिवाळीनंतर आईला घेऊन बीपीसाठी गेले होते. खुर्चीसमोर एक बुटकं स्टूल आणि वाकवता येणारा दिवा नवीन दिसला. "पाय वर घ्या," ते आईला म्हणाले. आई माझ्याकडे बघायला लागली. "अहो, बीपीला पाय कशाला?" "घ्या तर खरं." दोन्ही तळवे पाहिले, बोटांच्या बेचक्या, नखं. मग माझे. गेल्या वर्षात त्यांनी तळव्यावरचे तीन डाग तपासायला पाठवले, तिन्ही साधे तीळ निघाले. एका पेशंटच्या मुलाने येऊन भांडण केलं म्हणे, उगाच घाबरवलंत आणि खर्चात टाकलंत.

दादा, तारखांत काही चुकलं असेल तर फोन कर. आणि येत्या श्राद्धाला सगळे जमू तेव्हा मी बॅटरी घेऊन येणार आहे, थोरल्या काकूंपासून सुरुवात.